टॉवेलच्या ऑर्डरींसाठी बेसएक्स: काय जमतं, कुठे अडतं आणि आधी काय ठरवायचं

निर्यातीच्या टॉवेलची एक ऑर्डर हातात घेऊन नीट पाहा. वर खरेदीदाराचं नाव-पत्ता, खाली चार-पाच डिझाइन. प्रत्येक डिझाइनचे दोन-तीन आकार, प्रत्येक आकाराचे रंग, प्रत्येक रंगाचे नग. एका डिझाइनला डॉबीचा काठ, दुसरं जकार्डचं, तिसऱ्यावर भरतकाम; मग त्या तिसऱ्यालाच धाग्याचा नंबर आणि भरतकामाची जागा लिहिलेली. पॅकिंगच्या सूचना एका खरेदीदाराच्या दोन ओळींच्या, दुसऱ्याच्या दोन पानांच्या. शेवटी धुतल्यावर किती आटलं तर चालेल, रंग किती पक्का हवा, याच्या अटी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसांतून असेच कागद हलत असतात.

हा कागद टेबलांत बसवायला घेतला की दहा-बारा टेबलं होतात, निम्मे रकाने रिकामे राहतात आणि नवा खरेदीदार आला की नवा रकाना वाढवावा लागतो. पॅकिंगच्या सूचना तर शेवटी एका मोठ्या मजकुराच्या रकान्यात कोंबल्या जातात आणि तिथून पुढे त्यांत काही शोधता येत नाही. अशा जागी उपयोगी पडतो तो नेटिव्ह एक्सएमएल डेटाबेस, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण (टॅग) लावून लिहिलेल्या एक्सएमएल फाइली सांभाळणारा. कागद जसा आहे तसा, त्याच्या पोटातल्या पातळ्यांसह ठेवायचा आणि हव्या त्या पातळीवर प्रश्न विचारायचा.

इथे पारख केली आहे बेसएक्स या अशाच एका डेटाबेसची. ताडून पाहायला शेजारी दुसरा, एक्झिस्ट-डीबी. दोन्ही जावावर चालतात, दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोत. बेसएक्स जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात घडलं, त्याचा परवाना बीएसडी. एक्झिस्टचं काम २००० साली सुरू झालं, परवाना एलजीपीएल. मार्कलॉजिक हे तिसरं मोठं नाव, पण ते पैसे मोजून घ्यायचं. अनेक सर्व्हरवर पसरलेल्या प्रचंड साठ्यासाठी त्याचा विचार करावा, एका कारखान्याच्या ऑर्डरींना ते लागत नाही.

निकाल आधीच सांगायचा तर: लिहिणारे थोडे, वाचणारे बरेच आणि कागदांचे आकार खरेदीदारागणिक वेगळे, अशा कामाला बेसएक्स उत्तम आहे. वेगवान आहे, हलकं आहे, शिकायला सरळ आहे. पण पहिली फाइल आत टाकण्याआधी चार-पाच गोष्टी ठरवल्या नाहीत तर सहा महिन्यांनी सगळं उलगडून पुन्हा विणावं लागतं. आणि साठा, हजेरी, पगार, खतावणी हे इथे आणूच नका. जे मुळातच रकान्यांचं आहे ते पोस्टग्रेसारख्या रिलेशनल डेटाबेसमध्ये सुखाने राहतं.

बसवणं सोपं. झिप उघडायची, जावा असलं की झालं. १० आणि ११ या आवृत्त्यांना जावा ११ लागतं, १२ला जावा १७. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर जावा ८ पडून असेल तर आधी ते बदला. ९व्या आवृत्तीपर्यंत अ‍ॅडमिनचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असा ठरलेलाच यायचा. १०पासून तो काढून टाकला, म्हणून पहिल्यांदा सर्व्हर सुरू करतानाच पासवर्ड नेमून द्यावा लागतो. हा बदल चांगलाच आहे. वेबचा पोर्टही तेव्हाच ८९८४वरून ८०८० झाला. एक्झिस्टचाही पोर्ट ८०८०च, त्यामुळे दोन्ही एका मशीनवर पारखायची असतील तर एकाचा बदलून घ्या. जुन्या उदाहरणांत ‘डीबी:ओपन’ आणि ‘डीबी:रिप्लेस’ दिसतील. १०पासून त्यांची नावं ‘डीबी:गेट’ आणि ‘डीबी:पुट’ आहेत. फंक्शन सापडत नाही अशी चूक आली की आधी इथे पाहा.

आता मुख्य गोष्ट. एक डॉक्युमेंट म्हणजे काय, हे ठरवणं. बाकीचे सगळे निर्णय याच्या मागून येतात.

सगळ्या ऑर्डरी एका मोठ्या फाइलमध्ये ठेवण्याचा मोह होतो, कारण बाहेरून येणारी एक्सपोर्ट फाइल तशीच असते. ते करू नका. एक ऑर्डर म्हणजे एक डॉक्युमेंट. माणसं ज्याला एक कागद समजतात, ज्यावर एक सही असते, जो एकदम बदलला किंवा रद्द केला जातो, तेवढंच एक डॉक्युमेंट. ऑर्डर एक, त्या डिझाइनचं स्पेसिफिकेशन वेगळं, पॅकिंग लिस्ट वेगळी, लॅबचा रिपोर्ट वेगळा. त्यांना जोडायला ऑर्डर क्रमांक आणि डिझाइन क्रमांक पुरतात. उलट बाजूचा अतिरेकही नको. प्रत्येक रंगाच्या ओळीचं वेगळं डॉक्युमेंट केलं तर ऑर्डर दाखवताना दर वेळी तीस तुकडे गोळा करावे लागतात, आणि मग टेबलं काय वाईट होती?

खरेदीदार नग वाढवतो, रंग बदलतो, तारीख पुढे ढकलतो. हे रोजचं आहे. इथे मूळ ऑर्डरवर लिहू नका. डेटाबेसमधल्या पत्त्यात ऑर्डर क्रमांकाचा फोल्डर करा, त्यात ‘मूळ’, मग ‘सुधारणा-१’, ‘सुधारणा-२’. बेसएक्स जुन्या आवृत्त्या आपोआप जपून ठेवत नाही, बदललं की आधीचं गेलं. एक्झिस्टमध्ये त्यासाठी व्हर्जनिंगचा ट्रिगर मिळतो, म्हणजे बदल झाला की आपोआप चालणारा भाग, पण तो फक्त फरक नोंदवतो. खरेदीदाराने कोणत्या ई-मेलने काय मागितलं हे सुधारणेच्या डॉक्युमेंटमध्येच लिहिलेलं बरं. माल पाठवल्यावर वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.

काढता येणारी संख्या साठवायची की नाही, हा याच्या पोटातला प्रश्न. ७० बाय १४० सेमीचा, ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल घ्या. क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, वजन ४९० ग्रॅम, डझनाचं ५.८८ किलो. ऑर्डरमध्ये खरेदीदाराने आकार आणि जीएसएम दिला असेल तर तेवढंच ठेवा, वजन क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, काढा. जीएसएम सुधारला की वजन आपोआप सुधारतं. पण पॅकिंग लिस्टवर छापलेलं वजन मात्र जसं छापलं तसं साठवा. ते गणित नाही, तो पुरावा आहे.

मर्यादा किती? बेसएक्स प्रत्येक नोडला, म्हणजे प्रत्येक एलिमेंट (टॅगने बांधलेला भाग), अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहिलेली माहिती) आणि मजकुराच्या तुकड्याला, मुख्य टेबलात १६ बाइट देतं, मजकूर वेगळा. ६०० नोडची एक ऑर्डर धरली तर २०,००० ऑर्डरींचे १ कोटी २० लाख नोड, मुख्य टेबल साधारण १९२ एमबी. एका डेटाबेसची मर्यादा २१४ कोटी नोडांच्या वर आहे. तिथे कुणी पोचणार नाही. दुसरी मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी अशी: एलिमेंट आणि अ‍ॅट्रिब्यूटची वेगवेगळी नावं ३२,७६८. डिझाइन क्रमांकालाच टॅगचं नाव केलं तर ही मर्यादा खरोखर अंगावर येते, आणि त्याच्या कितीतरी आधी क्वेरी लिहिणं अशक्य होतं. डिझाइन क्रमांक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, टॅगचं नाव सगळीकडे एकच.

टॅगची नावं मराठीत ठेवावीत का? एक्सएमएलला देवनागरी चालते आणि मनाला ते फार बरं वाटतं. तरी नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, मजकूर मराठीत. कारण ‘व्यापाऱ्याचे’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. क्वेरीत एक आणि फाइलमध्ये दुसरा असला तर उत्तर रिकामं येतं, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. बेसएक्समध्ये डेटाबेसचं नाव तर इंग्रजी अक्षरांतच लागतं.

हाच घोळ मजकुरातही होतो, म्हणून आत घेतानाच मजकूर एका वळणाचा करून घ्या. ‘नॉर्मलाइझ-युनिकोड’ फंक्शनने एनएफसी (युनिकोडचं एक ठरलेलं) रूप करा. पण ते न दिसणाऱ्या जोडकाला हात लावत नाही, म्हणून ‘र’, हलन्त आणि जोडक या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त अशी बदली ‘रिप्लेस’ने वेगळी करावी लागते. आकड्यांचंही तेच. कुणी नगांच्या जागी ‘५००’ असं देवनागरीत टंकलं तर एक्सक्वेरी, म्हणजे या डेटाबेसांत क्वेरी लिहायची भाषा, त्याला पूर्णांक मानत नाही, रूपांतराच्या ओळीवर क्वेरी थांबते. ‘ट्रान्सलेट’ फंक्शनने दहाही आकडे इंग्रजी करून साठवा, छापताना पुन्हा देवनागरी करा.

बेसएक्सची एक जुनी सवय इथे जवळून पाहण्यासारखी आहे. जॉबरसाठी (मागांवर देखरेख करणाऱ्यासाठी) सूचना लिहिलेली असते: ‘काठ ५ सेमी ठेवा’. नीट खुणा केलेल्या फाइलमध्ये ‘५’ला संख्येचा टॅग, ‘सेमी’ला एककाचा टॅग, आजूबाजूला साधा मजकूर. ९व्या आवृत्तीपर्यंत ‘चॉप’ नावाचा पर्याय मूळचाच चालू असायचा. तो मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांच्या मोकळ्या जागा छाटायचा आणि नुसत्या मोकळ्या जागेचे तुकडे टाकूनच द्यायचा. बाहेर काढलेली सूचना व्हायची ‘काठ५सेमीठेवा’. एकदा छाटलं की परत मिळत नाही, मूळ फाइलच पुन्हा आत घ्यावी लागते. १०पासून त्याच्या जागी ‘स्ट्रिपडब्ल्यूएस’ आला आणि तो मूळचा बंद असतो. जुन्या आवृत्तीवर काम असेल तर डेटाबेस बनवण्याआधी चॉप बंद करा, नाहीतर अशा मजकुराच्या एलिमेंटवर ‘एक्सएमएल:स्पेस’ला ‘प्रिझर्व्ह’ लिहा. सोलापुरात सूचनेचा कागद मराठीत आणि तेलुगूत दोन्ही लागतो. त्यासाठी दोन डॉक्युमेंटं करू नका. एकाच सूचनेखाली दोन मजकूर, प्रत्येकाला ‘एक्सएमएल:लँग’. आकडा सुधारला की दोन्हीकडे सुधारला का, हे एका क्वेरीत तपासता येतं.

आता इंडेक्स, म्हणजे सगळं न चाळता थेट सापडावं म्हणून ठेवलेली सूची. बेसएक्स मजकूर आणि अ‍ॅट्रिब्यूट यांचे इंडेक्स मागितल्याशिवाय बनवतं. फुल-टेक्स्टचा, म्हणजे मजकुरातल्या सुट्या शब्दांचा, मागावा लागतो. इथवर छान. पण डॉक्युमेंट बदललं की हे इंडेक्स शिळे होतात. क्वेरीचं उत्तर बरोबरच येतं, फक्त ती सगळा डेटाबेस चाळू लागते. चाचणीच्या वीस फाइलींवर हे कळतच नाही, वर्षभराच्या ऑर्डरी साचल्या की कळतं. उपाय दोन. डेटाबेस बनवताना ‘यूपीडीइंडेक्स’ चालू करा, म्हणजे मजकूर आणि अ‍ॅट्रिब्यूटचे इंडेक्स बदलासोबत ताजे होत राहतात. किंवा रोज रात्री ‘डीबी:ऑप्टिमाइझ’ चालवा. फुल-टेक्स्टला पहिला उपाय लागू नाही, त्याला रात्रीचंच काम हवं. ‘ऑटोऑप्टिमाइझ’ नावाचा पर्याय दर बदलानंतर हे करतो, पण मोठ्या डेटाबेसवर एक ऑर्डर जतन करायला ताटकळत बसावं लागेल.

इंडेक्स लागला की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. बेसएक्सच्या खिडकीत क्वेरीच्या माहितीचा भाग असतो, तिथे अ‍ॅट्रिब्यूट इंडेक्स लावल्याची ओळ दिसली पाहिजे. ती नसली तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. एक म्हणजे तुलना संख्येशी केलेली. हे इंडेक्स अक्षरांचे आहेत. ऑर्डर क्रमांक अवतरणचिन्हांत लिहिला तर इंडेक्स लागतो, नुसता आकडा लिहिला तर लागत नाही. दुसरं, मजकूर ९६पेक्षा लांब. त्याहून लांब मजकूर या इंडेक्समध्ये मूळ मापाने घेतलाच जात नाही. ‘मॅक्सलेन’ वाढवता येतो, पण ज्यात लांब मजकूर आहे तिथे बहुधा फुल-टेक्स्टच हवा असतो.

‘५०० नगांपेक्षा जास्त’ किंवा ‘मार्च ते मे’ असे प्रश्न हा बेसएक्सचा कच्चा भाग आहे. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा ठेवल्या तर अक्षरांचा क्रम आणि तारखांचा क्रम एकच होतो आणि ‘डीबी:अ‍ॅट्रिब्यूट-रेंज’ चालतं. संख्यांना ते चालत नाही, कारण अक्षरांच्या हिशोबात ९ हा ५००च्या नंतर येतो. एक्झिस्टमध्ये इंडेक्सला प्रकार सांगता येतो, पूर्णांक, तारीख, वगैरे, आणि अशा क्वेरी तिथे सरस चालतात. मात्र एक्झिस्टचा इंडेक्स ‘कलेक्शन.एक्सकॉन्फ’ नावाच्या फाइलमध्ये लिहावा लागतो, तीही सिस्टीमच्या फोल्डरात ठरलेल्याच जागी. ती बदलून रिइंडेक्स करायचं राहिलं तर आधीच्या डॉक्युमेंटांना इंडेक्स लागत नाही, आणि तिथली ‘एफटी:क्वेरी’ मुकाट्याने रिकामं उत्तर देते. बेसएक्सचं ‘कंटेन्स टेक्स्ट’ इंडेक्स नसला तरी चालतं, सावकाश पण बरोबर. नवख्या टीमसाठी हा फरक मोठा आहे.

मराठी मजकुरात शोध हा स्वतंत्र विषय आहे. आधी एक चाचणी करा: ‘एफटी:टोकनाइझ’ला आपल्याच सूचनांतली दोन वाक्यं द्या आणि शब्द कसे तुटतात ते पाहा. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांट्या ही अक्षरं मानलेली नाहीत, ती जोडचिन्हं आहेत. शब्द तोडणारा भाग फक्त अक्षरं धरत असेल तर ‘टॉवेल’चे तुकडे पडतील. एक्झिस्ट ल्युसीन ही शोधाची लायब्ररी वापरतं, त्याचा स्टँडर्ड अ‍ॅनालायझर युनिकोडच्या शब्द-नियमांनी चालतो आणि जोडचिन्हं अक्षराला धरून ठेवतो. तोडणी बरोबर आली तरी विभक्ती उरतेच. ‘टॉवेल’ शोधलं तर ‘टॉवेलचा’, ‘टॉवेलांना’ सापडत नाहीत. बेसएक्समध्ये वाइल्डकार्ड चालू करून शेवटी टिंब आणि तारा लावले की ही रूपं सापडतात. पण ‘सोलापूर’ला ते पुरत नाही, ‘सोलापुरात’ म्हणताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो आणि जुळणीच मोडते. यावर भरवशाचा मार्ग एकच: गाव, डिझाइन, धाग्याचा प्रकार, दोषाचं नाव असं जे जे नेहमी शोधलं जातं त्याचं मूळ रूप अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवा आणि शोध त्या अ‍ॅट्रिब्यूटवर चालवा.

लिहिण्याच्या बाबतीत बेसएक्सचा नियम कडक आहे आणि समजून घेतला तर सोयीचा आहे. एका क्वेरीतले सगळे बदल एका यादीत जमा होतात आणि क्वेरी संपताना एकदम लागू होतात. म्हणजे पहिल्या ओळीत नग ५००चे ६०० केले आणि त्याच क्वेरीत डेटाबेसमधून एकूण काढली तर जुनी एकूण मिळते. हा दोष नाही, एक्सक्वेरी अपडेटचं प्रमाणच तसं आहे. आधी ऑर्डरची प्रत स्मृतीत बदला, तिच्यावर गणित करा, मग सगळी ऑर्डर ‘डीबी:पुट’ने ठेवा. एकाच नोडची किंमत एका क्वेरीत दोनदा बदलायला गेलं तर क्वेरी चूक देते आणि काहीच लागू होत नाही. बदल करून शिवाय वेबवर दुसऱ्या पानाकडे पाठवायचं असेल तर तो भाग ‘अपडेट:आउटपुट’मध्ये गुंडाळावा लागतो. एक्झिस्टची अपडेटची भाषा त्याची स्वतःची आहे आणि बदल तिथल्या तिथे लागू होतो. लिहायला ते सोपं, पण क्वेरी मध्येच फसली तर आधीचे बदल तसेच राहतात. एकीकडून दुसरीकडे जायचं झालं तर वाचण्याच्या क्वेरी बऱ्याचशा तशाच जातात, लिहिण्याच्या सगळ्या नव्याने लिहाव्या लागतात. म्हणून लिहिणारी फंक्शनं वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा, वेबची पानं बनवणाऱ्या रेस्टएक्सक्यू फंक्शनांत मिसळू नका.

कुलूप लागतं ते डेटाबेसला, डॉक्युमेंटला नाही. एका डेटाबेसवर वाचणारे एका वेळी कितीही, पण कुणी लिहीत असेल तर तो एकटाच. म्हणून डेटाबेसची विभागणी विषयावर करू नका, लिहिण्याच्या वेगावर करा. चालू ऑर्डरी एका डेटाबेसमध्ये, क्वचित बदलणारी स्पेसिफिकेशनं दुसऱ्यात, पूर्ण झालेली वर्षं तिसऱ्यात. इथे एक सापळा आहे. क्वेरीत डेटाबेसचं नाव सरळ लिहिलेलं असेल तर बेसएक्स तेवढ्यालाच कुलूप लावतं. नाव चलातून आलं, म्हणजे वर्षावरून नाव बनवून उघडलं, तर आधी कळायला मार्ग नसतो, म्हणून सगळ्या डेटाबेसना कुलूप लागतं. वाचताना त्याने फक्त लिहिणारे थांबतात. लिहिताना सगळं ऑफिस थांबतं. वर्षागणिक डेटाबेस करायचे असतील तर निदान लिहिणाऱ्या क्वेरीत नाव सरळ लिहा.

भाव कुणी पाहायचे, हाही रचनेचाच प्रश्न. बेसएक्सचे अधिकार डेटाबेसच्या पातळीवर थांबतात, एका डॉक्युमेंटपुरते देता येत नाहीत. जॉबरने आणि डाईंगच्या माणसाने ऑर्डर पाहावी पण दर पाहू नये असं हवं असेल तर दर वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवा, ऑर्डर क्रमांकाने जोडा, आणि तो फक्त ऑफिसच्या वापरकर्त्याला वाचू द्या. पान बनवताना दराचा रकाना लपवण्यावर विसंबू नका; कुणी नवं पान लिहिलं आणि विसरलं की दर बाहेर. एक्झिस्टमध्ये युनिक्ससारखे अधिकार प्रत्येक डॉक्युमेंटला देता येतात, या बाबतीत ते पुढे आहे.

टॅलीमधून एक्सएमएल घ्यायचं असेल तर एक अडथळा हमखास येतो. त्या फाइलींत काही ठिकाणी चौथ्या क्रमांकाचं नियंत्रण-अक्षर सांकेतिक रूपात येतं: अँपरसँड, हॅश, चार, अर्धविराम. एक्सएमएल १.०मध्ये ते अक्षरच निषिद्ध आहे, त्यामुळे पार्सर पहिल्याच अशा ओळीवर थांबतो. फाइल थेट आत टाकू नका. ‘फाइल:रीड-टेक्स्ट’ने साधा मजकूर म्हणून वाचा, तेवढा तुकडा ‘रिप्लेस’ने काढा, मग ‘पार्स-एक्सएमएल’ला द्या. एक्सक्वेरीच्या अवतरणांत अँपरसँड एकटं लिहिता येत नाही, त्याचं पूर्ण सांकेतिक रूप लिहावं लागतं. इथे बराच वेळ जातो. फाइल यूटीएफ-१६ असेल तर वाचतानाच तसं सांगा. खरेदीदाराकडून आलेल्या फाइलीच्या माथ्यावर नेमस्पेस (टॅगची नावं कुठल्या संचातली हे सांगणारा पत्ता) आहे का, हेही आधी बघा. असला आणि क्वेरीत जाहीर केला नाही तर सगळी उत्तरं रिकामी. बाहेरच्या फाइलींसाठी ‘डीटीडी’ हा पर्याय मूळचा बंद असतो, तो तसाच राहू द्या.

साठवताना बेसएक्स फाइल स्कीमाप्रमाणे, म्हणजे कोणते भाग असायलाच हवेत याच्या नियमांप्रमाणे, आहे का हे स्वतःहून तपासत नाही. ‘डीबी:पुट’च्या आधी ‘व्हॅलिडेट:एक्सएसडी’ आपणच बोलवायचं. स्कीमा सैल ठेवा: ऑर्डर क्रमांक, डिझाइन, आकार, नग, तारीख सक्तीचे; भरतकाम, खास धुलाई, पॅकिंगचा मजकूर ऐच्छिक.

आता विजेचं. बेसएक्स बदल लागू करत असताना मशीन बंद पडलं तर पुढच्या वेळी तो डेटाबेस उघडत नाही, बदल चालू आहे किंवा अपुरा राहिला असा संदेश येतो. डेटाबेसच्या फोल्डरात ‘यूपीडी.बेसएक्स’ नावाची खूण-फाइल राहिलेली असते. ती पुसली की डेटाबेस उघडतो, म्हणून लोक ती पुसतात. आतलं टेबल अर्धवट असू शकतं, आणि ते आपोआप मागे घेण्याची सोय बेसएक्समध्ये नाही. ‘इन्स्पेक्ट’ चालवा, आणि शंका उरली तर बॅकअपवरून पुन्हा उभा करा. एक्झिस्ट जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवतं आणि सुरू होताना त्यावरून स्वतःला सावरतं. सर्व्हर यूपीएसवर हवाच, आणि बॅटरी उतरायच्या आत बेसएक्स रीतसर बंद करणारी स्क्रिप्टही हवी. मोठी भरती करताना वेगासाठी ‘ऑटोफ्लश’ बंद केला असेल तर काम झाल्यावर ‘फ्लश’ द्या आणि तो पुन्हा चालू करा.

सर्व्हर चालू असताना त्याच डेटाबेसवर बेसएक्सच्या खिडकीतून लिहू नका. त्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, त्यांची कुलुपं एकमेकांना सांभाळत नाहीत. खिडकी क्वेरी लिहून पाहायला वापरा, तीही डेटाबेसच्या प्रतीवर.

बॅकअपची आज्ञा डेटाबेसची झिप करते, नावात तारीख-वेळ घालते, पण ठेवते ती डेटाच्याच फोल्डरात. डिस्क गेली तर दोन्ही गेले. रात्री ‘जॉब:इव्हॅल’ने ऑप्टिमाइझ, त्यामागून बॅकअप, आणि त्यानंतर ती झिप दुसऱ्या मशीनवर नेणारी साधी स्क्रिप्ट, असा क्रम लावा. महिन्यातून एकदा ‘एक्सपोर्ट’ करून साध्या एक्सएमएल फाइलीही काढून ठेवा. झिप बेसएक्सलाच कळते. फाइली मात्र एक्झिस्टला, मार्कलॉजिकला आणि कुठल्याही साध्या एडिटरलाही वाचता येतात. आणि झिप परत उघडून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका: दुसऱ्या मशीनवर ‘रिस्टोर’ करा, एका जुन्या ऑर्डरचे नग मोजा, छापील कागदाशी ताडा.